सात वाचल्या, आठवीला हसू का येईना? विनोदी अद्भुत कादंबऱ्यांबद्दल

निपाणीच्या एका वाचकाने विचारलंय, थोडक्यात असं: वय छत्तीस, सोसायटीत नोकरी. गेल्या वर्षी आई दोन महिने दवाखान्यात होती. रात्री तिच्या उशाशी बसून मोबाईलवर इंग्रजी विनोदी फॅन्टसी वाचायची सवय लागली. एकाच मालिकेच्या सात पुस्तकांचा फडशा पाडला. आई आता घरी आहे, बरी आहे, आणि आठवं पुस्तक पुढे सरकत नाही. हसूच येत नाही. वडील निवृत्त प्राथमिक शिक्षक, त्यांच्या मते हा सगळा बाष्कळपणा. मग या पुस्तकांतच दम नाही, की माझंच काही बिनसलं? मराठीत असं काही का नाही? आणि तेरा वर्षांच्या मुलीला यातलं काय द्यावं?

मी बेळगावच्या टिळकवाडीत गेली सव्वीस वर्षं पुस्तकं भाड्याने देते. दुकानवजा दोन खोल्या, पुढे नोंदवही, मागे कपाटं. निम्म्याहून जास्त मराठी, बाकी इंग्रजी, एक कपाट कन्नडचं. शनिवारी संध्याकाळी आठ-दहा जण जमतात आणि कुणीतरी मोठ्याने वाचतं. पुस्तक इंग्रजी असलं तर तिथल्या तिथे मराठी करत. तेव्हा मी सांगणार ते प्राध्यापकी नाही, काउंटरवरचं आहे. कोण काय नेतं, कितव्या दिवशी आणून देतं, आणि परत देताना तोंड कसं असतं, एवढंच माझं शास्त्र.

तुम्ही प्रश्न तीन विचारलेत, पण त्यांच्या खाली एक चौथा आहे आणि तोच तुम्हाला टोचतोय असं मला वाटतं. त्या दोन महिन्यांत ज्या पुस्तकांनी तुम्हाला सांभाळलं, ती फालतू होती असं आता कबूल करायचं का? वडील तसं म्हणतायत, आणि हे आठवं पुस्तक ऐनवेळी त्यांच्या बाजूने साक्ष द्यायला उभं राहिलंय. उत्तर आधीच देऊन टाकते: कबूल करायचं काही कारण नाही. पण वडीलही पूर्ण चुकलेले नाहीत. ते कुठे बरोबर आहेत हे कळलं, की आठव्या पुस्तकाचं काय करायचं तेही कळेल.

काही गोष्टी तुम्ही लिहिलेल्या नाहीत आणि त्यांवर बरंच अवलंबून आहे. मालिका कुठली, ती कुठल्या क्रमाने वाचलीत, मध्ये दुसरं काही वाचलंत का. रात्री दोन वाजता सलाईनच्या बाटलीवर एक डोळा ठेवून वाचलेलं पुस्तक आणि रविवारी जेवून आडवं होऊन वाचलेलं तेच पुस्तक, ही दोन वेगळी पुस्तकं असतात. शिवाय पाठोपाठ सात! पु.लं.ची सात पुस्तकं ओळीने वाचली तरी सातव्यात वाक्याची चाल आधीच कानात वाजायला लागते. विनोद यायच्या आत आपण तिथे जाऊन उभे. म्हणजे निम्मा दोष नुसत्या वेगाचा असू शकतो. महिनाभर दुसरं काही वाचून पुन्हा उचललं तर तो निम्मा आपोआप फिटेल. उरलेल्या निम्म्याबद्दल बोलते.

आमच्याकडे एक बाई यायच्या. नवऱ्याचं डायलिसिस आठवड्यातून दोनदा. त्या दोन दिवसांसाठी त्या हलकी, विनोदी, जादूटोण्याची पुस्तकं न्यायच्या. बाकीच्या दिवसांसाठी चरित्रं आणि जाडजूड कादंबऱ्या. मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, ‘‘तिथं बसल्यावर काय होईल म्हाईत नसतंय ओ. निदान पुस्तकात तरी काय होणार नाही ते म्हाईत असू दे की.’’

या प्रकारच्या पुस्तकांबद्दल यापेक्षा नेमकं मी कुठे वाचलेलं नाही. विनोदी फॅन्टसी पहिल्या पानावरच वाचकाला एक हमी देते. इंग्रज लेखक टेरी प्रॅचेटची डिस्कवर्ल्ड मालिका घ्या: जग ताटासारखं सपाट, ते चार हत्तींच्या पाठीवर, आणि हत्ती एका अवाढव्य कासवावर उभे. शेष आणि कूर्म ऐकत वाढलेल्या माणसाला यात नवल वाटत नाही, हसू मात्र येतं, कारण लेखक सगळं भूगोलाच्या मास्तरासारखं गंभीर चेहऱ्याने सांगतो. ते वाचताच आपल्याला कळतं की इथे राक्षस येतील, ड्रॅगन येतील, मृत्यू स्वतः येईल, पण आपल्याला कुणी भर रस्त्यात सोडून जाणार नाही. दवाखान्यात प्रत्येक रिपोर्टची धास्ती असते. तुम्ही तिथे हे वाचलंत म्हणजे जगापासून पळालात असं मला वाटत नाही. दोन तास बसायला तुम्ही एक कोरडी जागा शोधलीत.

मात्र हमी तर कुठल्याही परीकथेत असते, आणि परीकथा वाचून मोठी माणसं मध्यरात्री खुदकन हसत नाहीत. हसू येतं ते नियमांमुळे. जादू हवी तशी उधळली की मुलंसुद्धा कंटाळतात. उलट जादूला कायदा लावला, फी लावली, पोचपावती लावली, की गंमत सुरू होते. विहिरीत जलपरी राहते, ठीक आहे. पण ती पाणीपट्टी भरते का? ग्रामपंचायतीने तिला नोटीस काढली तर ती कुठे चिकटवायची? हे प्रश्न लेखकाने शेवटपर्यंत प्रामाणिकपणे सोडवले, मध्येच ‘चला, जादू झाली’ म्हणून अंग काढून घेतलं नाही, तर पुस्तक टिकतं. आमच्या भागातल्या वाचकांना ही गोष्ट पटकन भिडते. उताऱ्यावरची नावाची एक वेलांटी दुरुस्त करायला ज्याने तीन-तीन हेलपाटे घातलेत, वर हातात पडलेला कन्नड कागद शेजारच्या पोराकडून वाचून घेतलाय, त्याला चेटकिणीच्या परवान्याचा विनोद समजावून सांगावा लागत नाही.

शनिवारच्या वाचनातला अनुभव सांगते, म्हणजे मी काय म्हणते ते कळेल. प्रॅचेटचं ‘मॉर्ट’ (1987) आम्ही एका पावसाळ्यात वाचलं. मृत्यू एका गावंढळ पोराला हाताखाली उमेदवार म्हणून घेतो, धंदा शिकवायला. पुस्तकात मृत्यूचं सगळं बोलणं मोठ्या लिपीतल्या, म्हणजे कॅपिटल अक्षरांत छापलेलं असतं, तोच त्याचा आवाज. आता देवनागरीत मोठी लिपी आणायची कुठून? आणि मोठ्याने वाचताना तर अक्षरं दिसतच नाहीत. पहिल्या शनिवारी मी घसा खोल करून वाचलं, ते रामलीलेतल्या रावणासारखं झालं आणि सगळे चुकीच्या जागी हसले. दुसऱ्या शनिवारी वेगळं केलं: मृत्यू शुद्ध ग्रांथिक मराठीत बोलेल, एकही क्रियापद आखडणार नाही, आणि बाकीचे सगळे बेळगावी. लगेच जमलं. ‘‘मी आलो आहे,’’ असं मृत्यू म्हणाला आणि आमच्या वाचणाऱ्याच्या तोंडून पुस्तकात नसलेलं उत्तर आपसूक निघालं, ‘‘आलासा होय? बसा की.’’ त्या एका ‘बसा की’ने खोलीतल्या सगळ्यांना पुस्तकाचं मर्म कळलं. इथे मृत्यूची थट्टा चाललेली नाही. माणसं मृत्यूसमोरही आपल्या सवयी सोडत नाहीत, हसू त्याचं आहे.

दुसरा प्रसंग. त्याच मालिकेतल्या ‘मेन ॲट आर्म्स’ (1993) मध्ये पहारेकऱ्यांचा कप्तान बुटांचा हिशेब मांडतो. पन्नास डॉलरचे चांगले बूट दहा वर्षं टिकतात. गरिबाला दहा डॉलरचेच परवडतात, ते एक-दोन मोसमांत फाटतात. दहा वर्षांत गरीब शंभर डॉलर घालवतो आणि पाय ओले ते ओलेच. हे वाचलं तेव्हा खोलीत अथणीकडचे एक गृहस्थ होते, घरात पिढ्यान्‌पिढ्या चपला बनवण्याचा धंदा. कोल्हापुरी म्हणून जी खपते त्यातली बरीच अथणी-निपाणीकडे शिवली जाते हे तुम्हाला निपाणीत राहून सांगायला नको. ते म्हणाले, ‘‘हे सांगायला इंग्लंडात कशाला जन्म घ्यायला पाहिजे ओ? आमचा आज्जा हेच म्हणत होता. चामड्याची चप्पल पावसात नाही घातली तर वर्षानुवर्षं जाते. पण गरिबाला पावसात बाहेर पडायला लागतंय, तेच कुणी बघत नाही.’’ दहा मिनिटं पुस्तक बाजूला राहिलं. ड्रॅगन, बुटके, चेटकिणी यांनी भरलेल्या पुस्तकातून आम्ही थेट गरिबीच्या हिशेबावर आलो, आणि कुणालाही भाषण ऐकल्यासारखं वाटलं नाही. या प्रकाराची ही खरी ताकद. हसू येईल म्हणून माणूस दार उघडतो, आणि त्या दारातून दुसरं काहीतरी आत येतं.

आता वडिलांच्या बाजूने बोलते.

या प्रकारातली पुष्कळ पुस्तकं दुसऱ्या पुस्तकांची नक्कल करून हसवतात. तलवारी, भाकितं, काळा सम्राट, निवडलेला पोर, हे सगळं गंभीरपणे लिहिणारी पुस्तकं इंग्रजीत ढिगाने आहेत. त्यांची ही खिल्ली. डायना विन जोन्स या लेखिकेने 1996 मध्ये ‘द टफ गाईड टू फॅन्टसीलँड’ नावाचं प्रवासी मार्गदर्शकाच्या थाटातलं पुस्तकच काढलं. त्या देशात गेलात तर कुठल्याही खानावळीत स्ट्यू, म्हणजे घट्ट रस्साच मिळणार आणि घोडे कधी थकणार नाहीत, अशा नोंदी. ज्याने तसली तीस पुस्तकं वाचलीत तो लोळतो. ज्याने एकही वाचलेलं नाही त्याला वाटतं, बरं, स्ट्यू मिळतो, मग काय? डिस्कवर्ल्डचं पहिलं पुस्तक ‘द कलर ऑफ मॅजिक’ (1983) याच जातीचं आहे. मी सुरुवातीला लोकांना क्रमाने द्यायची, पहिल्यापासून. चार दिवसांत परत. ‘कळलं नाही ओ काकू.’ मग मी अक्कल शिकले आणि पहिलं देणं बंद केलं.

शब्दांच्या कोट्यांवर चालणारी मालिकाही असते. पिअर्स अँथनीची झँथ मालिका 1977 मध्ये सुरू झाली आणि चाळिसाच्या वर पुस्तकं झाली. तिथल्या झाडापेडांपासून प्राण्यांपर्यंत बरंच काही इंग्रजी कोट्यांवर उगवलेलं. इंग्रजी ज्याच्या स्वप्नात येतं त्यालाच ते पूर्ण पचणार. माझ्या मते त्यातली दोन पुरेत. कोटी प्रवास करत नाही, याचा पुरावा आमच्याच खोलीत मिळाला. आठवीतल्या एका मुलाने गोष्ट रचली: राक्षस घराच्या दारावर धडका देतो, ‘‘आत कोण हाय?’’ आतून आवाज, ‘‘नायी!’’ कन्नडमध्ये नायी म्हणजे कुत्रा, आणि आत खरंच बोलणारा कुत्रा आहे. पण राक्षस पडला मराठी. त्याला ऐकू येतं ‘नाही’. ‘‘कोण नाही तर बोलतंय कोण?’’ ‘‘नायी!’’ शेवटी राक्षस वैतागून कचेरीत तक्रार द्यायला जातो, तर तिथे अर्ज कन्नडमधून मागतात. आम्ही पोट धरून हसलो. मी हीच गोष्ट पुण्याला बहिणीच्या सासरी सांगितली. सगळे सभ्यपणे हसले आणि चहा आला.

मालिका लांबत जाते तसं काय होतं ते तुम्हाला माझ्या कपाटात दिसेल. पुस्तकाच्या शेवटी आम्ही तारखेची चिठ्ठी चिकटवतो. पहिल्या-दुसऱ्या भागाची चिठ्ठी भरून तिच्यावर दुसरी डकवलेली असते. पाचव्याची निम्मी कोरी. आठव्यावर दोन तारखा, त्यातली एक माझ्या नवऱ्याची. लेखक आळशी झाला असं दर वेळी नसतं. जगाचे नियम आता वाचकाला पाठ झालेले असतात, आणि नियम पाठ झाले की त्यांचा विनोद संपतो. नवऱ्याच्या मित्राचा एकच किस्सा दर लग्नात ऐकावा लागतो, तसं.

पण तुमच्या आठव्या पुस्तकाचं मूळ दुखणं आणखी खोल आहे असं मला वाटतं, आणि ते त्या हमीतच आहे. कुणाला काही होणार नाही, हे ज्या दिवसांत हवं होतं, ते दिवस संपले. आई घरी आली. आता तुम्हाला पुस्तकातल्या माणसांबद्दल काळजी करायला जागा आहे, ताकद आहे, आणि पुस्तक म्हणतंय, काळजी करू नका, सगळं ठीक होणार. म्हणजे तीच हमी आता आड येते. ज्याला काही होऊच शकत नाही त्याच्या धडपडीला आपण किती वेळ हसणार?

इथे मला नेहमी जोकुमार आठवतो. माझं आजोळ हुक्केरी तालुक्यात. भाद्रपदात गणपती झाले की बायका मातीचा जोकुमार देव बुट्टीत, म्हणजे टोपलीत घेऊन दारोदार यायच्या. भोवती कडुलिंबाचा पाला, तोंडाला लोणी, आणि गाणी अशी की आज्जी आम्हाला आत पिटाळायची आणि स्वतः दारात उभी राहून पदर तोंडाला लावून हसायची. सुपातून जोंधळे घालायची. तिची गोष्ट अशी: गणपती खाली येतो, मोदक खातो, वर जाऊन सांगतो की पृथ्वीवर सगळं उत्तम चाललंय. मागून जोकुमार येतो, रानोमाळ हिंडतो, सुकलेली पिकं बघतो आणि वर जाऊन खरं ते सांगतो, मग पाऊस पडतो. आणि हा थट्टेखोर, लाज नसलेला देव सातच दिवस जगतो. पौर्णिमेला त्याला मारतात. गाणी म्हणणाऱ्या बायकांना ते ठाऊक असतं, दारात हसणाऱ्या आज्जीलाही. म्हणूनच त्या हसण्याला धार असते. आमच्या मातीत अद्भुत आणि विनोद एकत्र आले ते असे, मरण सोबत घेऊन. हलकी फॅन्टसी नेमकं ते मरण बुट्टीतून काढून ठेवते. काढलं की ओझं कमी होतं, हे खरंच. पण रोज हलकीच बुट्टी उचलली तर हाताला उचलल्यासारखं वाटत नाही.

जे चांगले आहेत ते लेखक हे ओळखतात आणि हमी दिलेली असूनही ती कधीमधी मोडतात. प्रॅचेटच्या एक्केचाळीस कादंबऱ्या आहेत, शेवटची 2015 मध्ये त्याच्या मृत्यूनंतर आली. त्या सगळ्या एका वजनाच्या नाहीत. ‘नाइट वॉच’ (2002) मध्ये रस्ते अडवून चाललेली लढाई आहे, माणसं मरतात आणि मेलेली परत येत नाहीत. विनोद आहे, पण तो जोकुमाराच्या जातीचा. तेच पहारेकरी, तेच शहर. आधीच्या पुस्तकांत त्यांच्याबरोबर आपण हसलेलो असतो, म्हणून इथे जास्त लागतं. तेव्हा हलकी पुस्तकं वाचणं वाया गेलं असं नाही, त्यांनी ओळख करून दिलेली असते. तुमची मालिका हीच असेल तर आठवं बाजूला ठेवा आणि उडी मारून अशा एखाद्या पुस्तकावर जा. दुसरी कुठली असेल आणि तिच्यात अशी जागाच नसेल, तर सात वाचलीत ती पुष्कळ झाली.

याच्या उलटही माणसं असतात, तेही सांगायला हवं, नाहीतर मी तुम्हाला एकाच बाजूला ढकलल्यासारखं होईल. 2022 मध्ये ‘लेजेंड्स अँड लॅटेज’ नावाचं पुस्तक आलं: लढाया करून थकलेली एक ऑर्क, म्हणजे राक्षसकुळातली बाई, तलवार भिंतीला टांगते आणि कॉफीचं दुकान काढते. बस, एवढंच. आमच्याकडे एक इंजिनिअर मुलगा दोन दिवसांत परत घेऊन आला, ‘‘काकू, यात काय घडतच नाही ओ.’’ त्याच्यानंतर एका शिक्षिकेने ते तीन आठवडे ठेवलं, दंड भरला आणि स्वतःची प्रत मागवली. तिला दिवसभर साठ मुलं असतात. तिच्या आयुष्यात घडणं पुरेसं आहे. या दोघांत कुणाचं चुकलं असं मी म्हणणार नाही.

मराठीत का नाही, हा तुमचा दुसरा प्रश्न. आहे, पण कादंबरीच्या पुठ्ठ्यात नाही. सुरुवातीची बरीच मराठी कादंबरी अद्भुतरम्य होती, हळब्यांची ‘मुक्तामाला’ 1861 ची. पण तिच्यात हसू नव्हतं. पुढे विनोद आला तो कोल्हटकर-गडकऱ्यांच्या हातून, आणि तो वाड्यात, चाळीत, ऑफिसात जाऊन बसला. अद्भुत गेलं मुलांच्या कपाटात, नाहीतर भुताखेतांच्या. दोघांची सोयरीक सुटली. त्यात आपल्या विनोदी लेखकांना माणसंच इतकी विलक्षण मिळाली की जादूची गरज पडली नाही. पु.ल. इथे बेळगावात राणी पार्वतीदेवी कॉलेजात शिकवायला होते. त्यांनी रंगवलेले इथले रावसाहेब वाचा आणि सांगा, त्या माणसाला आणखी कुठलं चेटूक हवं होतं?

रंगमंचावर मात्र ही सोयरीक कधी तुटलीच नाही. गवळणीत मावशी आणि पेंद्या साक्षात कृष्णाची टर उडवतात आणि कृष्ण देवच राहतो. वसंत सबनिसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’तला राजा कुठल्या नकाशात आहे? रत्नाकर मतकरींच्या ‘अलबत्त्या गलबत्त्या’तली चेटकीण तर पोरांना पाठ असते. आणि आपल्या जिल्ह्यात गोकाककडचं श्रीकृष्ण पारिजात आहे, कुलगोड तम्मण्णांचं. त्यातली दूती आणि भागवत यांची जुगलबंदी चालू असताना मागे बसलेल्या मराठी म्हाताऱ्यांना मी निम्मं कन्नड न कळताही हसताना पाहिलंय. म्हणजे माल आहे, तो बघायचा आहे, वाचायचा नाही. पुस्तकाचं एक व्यवहारी कारण मला काउंटरवर दिसतं: असं मराठी पुस्तक आलं तर ते ठेवू कुठे? मुलांच्या कपाटात ठेवलं तर मोठे बघत नाहीत, मोठ्यांच्यात ठेवलं तर तुमच्या वडिलांसारखे नाक मुरडतात. छापणाऱ्यालाही हाच पेच पडत असणार.

मुलीला काय द्यावं हे सगळ्यात सोपं. डायना विन जोन्सचं ‘हाऊल्स मूव्हिंग कॅसल’ (1986). तीन बहिणींतली थोरली सोफी. गोष्टींमध्ये थोरलीचं कधी भलं होत नाही असं तिने स्वतःशी ठरवून टाकलेलं. एक चेटकीण तिची म्हातारी करून टाकते, आणि म्हातारी झाल्यावर तिला जे बोलायची हिंमत येते तिथपासून पुस्तक पेटतं. नक्कल कमी, कोट्या कमी, माणसं भरपूर. मुलगी मराठी माध्यमात असेल तर पहिली दोन प्रकरणं तुम्ही मोठ्याने, अर्धं मराठी करत वाचा. तिसऱ्याला ती हातातून ओढून घेईल. नाही घेतलं तर मागे लागू नका, तेरा वर्षांच्या मुलीच्या मागे लागून कुणी पुस्तक वाचून घेतल्याचं माझ्या नोंदवहीत नाही.

आणि वडिलांना हवं तर प्रॅचेटच्याच ‘स्मॉल गॉड्स’ (1992) ची गोष्ट सांगा. पुस्तक हातात देऊ नका, तोंडी सांगा. एक बलाढ्य देव, लाखो भक्त, मोठी संस्था, कडक पुजारी. पण मनापासून मानणारा उरलाय एकच साधा पोर, म्हणून तो देव कासव होऊन त्याच्या पोतडीत बसलाय आणि शिव्या घालतोय. शाळेत संतांचे अभंग शिकवलेल्या माणसाला यातलं काही परकं वाटणार नाही. मग बघा बाष्कळ म्हणतात का. म्हणालेच तर त्यांना विचारा, की जोकुमाराला जोंधळे घालताना त्यांच्या आई कशाला हसायच्या.

राहिलं आठवं पुस्तक. त्याच्याशी झुंजत बसू नका. एक करून बघा: एखाद्या रात्री जेवणं झाली की आईंजवळ बसा आणि त्या सातांतली एकेक गोष्ट मोबाईल न उघडता, आठवेल तशी सांगायला लागा. दवाखान्यात हा पोरगा मध्यरात्री कशाला हसत होता हे त्यांना तरी कळेल. दोन-तीन पुस्तकांच्या बाबतीत तुम्हाला नुसत्या कासव-हत्ती-चेटकिणी आठवतील, गोष्ट आठवणार नाही; ती पुस्तकं पुसून टाकली तरी चालतील. एखादी सांगताना मात्र आई म्हणतील, ‘‘मग पुढं काय झालं?’’ त्याच लेखकाचं पुढचं पुस्तक घ्यायला आमच्याकडे या. अनामत ठेवावी लागेल, आणि पावसाळ्यात दार फुगतं, जोरात ढकला.